हातात राहिलेला तराजू

आदरणीय नागलिंगअप्पांची आणि माझी पहिली ओळख एका खोट्या रुपयाने करून दिली, आणि त्या दिवशी आपण आता तुरुंगात जाणार अशी माझी खात्री झाली होती. मी तेव्हा पंचविशीत होतो. लग्न नुकतेच झालेले, चकलांब्याहून सासुरवाडीला सिरसाळ्यात आलेलो. सासऱ्यांनी आहेरात इंग्रजी मुलखातला एक कलदार रुपया दिला होता. आपल्याकडे निजामसरकारचा हाली रुपया चालतो, तेव्हा कलदार बदलून घ्यावा म्हणून मी सराफाचे दुकान विचारत पेठेत गेलो. गादीवर कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेले, पांढरा रुमाल बांधलेले, शांत चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी रुपया डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने चोळला, तोलून पाहिला आणि समोरच्या काळ्या दगडावर टाकला. रुपया वाजला मात्र, मला दरदरून घाम फुटला.

समोरच्या कट्ट्यावर चौकीचे दोन जवान पान खात बसले होते. खोटे नाणे जवळ सापडले की माणसाचे काय होते, हे मी ऐकून होतो. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, "कुणी देला?"

"सासऱ्यांनी," मी कसाबसा म्हणालो.

"मग त्यान्ला सांगू नका. त्यान्ला बी कुणीतरी देलाच आसल."

एवढे बोलून त्यांनी रुपयावर छिन्नी ठेवली, हातोडीच्या एका घावात त्याचे दोन तुकडे केले आणि ते माझ्या हातावर ठेवले. खोटे नाणे पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून ते तिथल्या तिथे तोडायचे, हा त्यांच्या दुकानाचा तीन पिढ्यांचा नियम होता. मी उठून पळायचे, तर भीतीने माझी जीभ सुटली. "मला वाजतानाच कळलं," मी म्हणालो. "तो वाजला न्हाई, खोकलला."

अप्पा हसले. मी काय करतो, असे त्यांनी विचारले. गावच्या भजनात टाळ धरतो, असे मी सांगितले. "आन् पोटाला?" मी हातावरच्या तुकड्यांकडे बघितले. "उंद्या सकाळी या," ते म्हणाले, आणि मी त्यांचा गुमास्ता झालो. ती नोकरी चौदा वर्षे टिकली. आपल्यापैकी पुष्कळांनी मला त्या गादीच्या डाव्या अंगाला, हातात छोटा तराजू घेऊन बसलेला पाहिले आहे.

या गौरवग्रंथासाठी मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी लगेच हो म्हटले आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो. मी जन्माचा भित्रा माणूस आहे, हे धान्याच्या मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बैल शिंग हलवीत आला की मी रस्ता सोडतो, चपराशाने हाक मारली तरी मी खांबाआड होतो, आणि माझ्या मुली मला यावरून अजून चिडवतात. हा लेख मी तीनदा लिहून तीनदा फाडला. आज चौथ्यांदा बसलो आहे आणि घरच्यांना सांगितले आहे की, मी हाक मारीपर्यंत कोणी आत येऊ नये.

आधी अप्पांच्या कामाबद्दल सांगतो. जुन्या, हातोडीने पाडलेल्या हातघडीच्या रुपयांपासून चारमिनारचा छाप असलेल्या नव्या रुपयांपर्यंत, आणि नगरकडचे व्यापारी आणीत त्या कलदारांपर्यंत, सगळी नाणी त्यांच्या हाताखालून गेली. तालुक्याच्या कचेरीने त्यांना पारखीची सनद दिली होती. खऱ्याखोट्याचा वाद निघाला की त्यांचा शब्द सरकारातही चाले. तरी त्यांनी नाण्यावर झटकन निकाल दिलेला मी पाहिला नाही. डोळा, अंगठा, तराजू आणि कान या चौघांचे एकमत झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, अशी त्यांच्या वडिलांची शिकवण होती. त्यातही शेवटचा मान कानाचा. डोळ्याला मुलामा फसवतो, झिजलेल्या नाण्यापुढे तराजूही गोंधळतो, पण चांदीचा नाद कोणाला उसना आणता येत नाही, असे ते सांगत. तो काळा दगड त्यांच्या आजोबांनी बसवलेला. घरात मयत झाली तरच तो पालथा घालायचा आणि तेरा दिवसांनी पुन्हा सुलटा करायचा, अशी रीत होती. माझ्या चौदा वर्षांत त्यांच्या मातोश्री गेल्या तेव्हा एकदाच तो पालथा पडलेला मी पाहिला.

खोटे नाणे घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी चारचौघांत कधी लाजवले नाही. एकदा एका कासारणीच्या बांगड्यांच्या पैशांत असा रुपया निघाला. कट्ट्यावर बघे होतेच. अप्पांनी त्या सगळ्यांना, बाहेर बैल सुटलाय का बघा, म्हणून पिटाळले आणि मग त्या बाईला हळूच सांगितले. बैल कोणाचा सुटला नव्हता, हे बघ्यांना पुढच्या वळणावर कळले आणि ते शिव्या देत परत आले. तोवर बाई डोळे पुसून निघून गेली होती. "रुपाया खोटा निघाला म्हून मानूस खोटं होतंय व्हय?" असे अप्पा मला म्हणाले.

प्लेगाच्या साली सगळे गाव रानात झोपड्या करून राहिले, तेव्हा माझ्या बायकोला ताप भरला. मी झोपडीच्या बाहेर बसून होतो. आत जायची माझी छाती होत नव्हती, हे आज लिहितानाही शरम वाटते. अप्पा रोज सकाळी आपल्या मळ्यातून चालत येत. त्यांच्या पत्नी काशीबाईंनी दिलेला दुधाचा तांब्या त्यांच्या हातात असे. तिसऱ्या दिवशी मला बाहेरच बघून ते थांबले. "गोविंदा, आत जा," ते म्हणाले. "आन् जायच्या आदी त्वांड धू. तुजं भ्या तिला दिसलं तर ती लई भील." मी तोंड धुतले आणि आत गेलो. तो ताप प्लेगाचा नव्हता, ती बरी झाली. पण अप्पांना माझी भीती दुरून दिसते, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी तीन कागद फाडले, ती सांगतो.

दुकान बंद होण्याच्या दोन वर्षे आधी अप्पांना हिवतापाने गाठले. महिनाभर अंथरूण सुटले नाही. दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या येत, त्या ते निमूट घेत. त्या दिवसांत कानात रातकिडे ओरडतात, अशी तक्रार ते करीत. ताप गेला, रातकिडे गेले, अप्पा गादीवर येऊन बसले. गिऱ्हाइकांशी बोलणे-चालणे पूर्वीसारखे सुरू झाले. आठवडा गेला असेल. एका दुपारी त्यांनी एक साधा हाली रुपया दगडावर टाकला. मग पुन्हा टाकला. मग तिसऱ्यांदा टाकला. ज्या माणसाने कधी एक रुपया दोनदा वाजवला नाही, तो तिसऱ्यांदा वाजवतो आहे हे पाहून मी गिऱ्हाईक जायची वाट बघू लागलो.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारले, "अप्पा, काय झालं?"

"तू बोलतूस ते ऐकू येतंय," ते म्हणाले. "काशी बोलती ते येतंय. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू येत न्हाई. रुपाया येत न्हाई." आणि मग शांतपणे म्हणाले, "उंद्यापसून दुकान बंद. कान गेल्यावर गादीवर बसायचा मला हक न्हाई."

दुकान त्याच दिवशी बंद व्हायचे. ते झाले नाही, ते माझ्यामुळे. माझ्या दोन मुली लहान होत्या, सासरे वारले होते, चकलांब्याला परतावे तर घरात माणसे जास्त आणि जमीन कमी. मी अप्पांचे पाय धरले. त्यांनी बारा वर्षांत माझा कान घडवला होता. मला वाजणे कळत होते. मी त्यांना म्हणालो, तोलून झाल्यावर तराजू माझ्याच हातात असतो. नाणे खरे वाजले तर मी तो गादीवर खाली ठेवीन. खोटे वाजले तर हातातच धरून ठेवीन. तुम्ही नुसते तराजूकडे बघा. कोणाला संशयसुद्धा येणार नाही.

अप्पांनी नको म्हटले. दोन दिवस नकोच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी काशीबाईंनी माझ्या धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन भाकरी खाऊ घातली आणि अप्पा तिकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी ते येऊन गादीवर बसले.

अशी दोन वर्षे काढली. बाजाराच्या दिवशी सकाळी मला घास उतरत नसे. आपल्या हातून चूक झाली तर, गिऱ्हाइकाच्या लक्षात आले तर, अप्पांची सनद आणि आमच्या दोघांच्या हातात बेड्या, असे सगळे मला रोज दिसे. प्रत्येक नाणे वाजताना मी श्वास धरी आणि तराजू खाली ठेवला की सोडी. अप्पा मात्र गादीवर बसल्या बसल्या खंगत चालले. पूर्वी गिऱ्हाइकाशी हसून बोलत, ते बंद झाले. एकदा ते मला म्हणाले, "मला लोकांच्या तोंडाकडं बघवंना झालंय, गोविंदा." मी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तराजू घेऊन बसलो.

मग तो बाजाराचा दिवस आला. आपल्यापैकी काही जण त्या दिवशी कट्ट्यासमोर उभे होते, त्यांना पुढचे आठवत असेल. पण त्यांनी जे पाहिले ते अर्धेच होते.

त्या काळात आसपास खोटे रुपये फार फिरू लागले होते आणि कोणीतरी धरून आणा म्हणून वरून हुकूम सुटले होते. सटवा कुंभार नावाचा गरीब माणूस गाढव घ्यायला बाजारात आला होता. पैसे म्हणून त्याने बायकोच्या गळ्यातली रुपयांची माळ मोडून आणली होती. जुने हातघडीचे रुपये, वरच्या कड्या उपटलेल्या. गाढववाल्याने एक रुपया दगडावर आपटला, तो नीट वाजेना म्हणून त्याने ओरडा केला. जवानांनी सटव्याला धरले. चौकीचे अंमलदार अमीनसाहेब घोड्यावर तिथेच होते. सगळी वरात अप्पांच्या दुकानापुढे आली. मागून सटव्याची बायको रखमा ऊर बडवीत आली.

अमीनसाहेबांनी रुपयांची पुरचुंडी गादीवर टाकली. "अप्पा, ये परखो. खोटा निकला तो यहीं काटो, सब के सामने. इसको आज ही बीड भेजना है."

"अप्पा," रखमा पायरीला डोके टेकून म्हणाली, "माज्या सासूच्या गळ्यातलं हायेत वो ते. तिला तिच्या सासूनं घातलेलं. खोटं कावून आसतील?"

सटव्याच्या ओठाला रक्त लागले होते आणि तो अप्पांच्या हाताकडे बघत होता.

अप्पांनी एक रुपया उचलला. डोळ्यांजवळ नेला, अक्षरे पाहिली. अंगठ्याने चोळला. माझ्याकडे दिला, मी तोलला. वजनाचा भरवसा नव्हता, कारण नाणे एका बाजूने झिजलेले आणि दुसऱ्या बाजूला कडी जोडताना ओतलेला डाख अजून चिकटलेला. म्हणजे सगळा निकाल कानावर आला. आणि कान म्हणजे मी.

रुपया दगडावर पडला. पहिला आवाज बद्द आला. पण डाख लागलेले नाणे असेच वाजते, हे मला अप्पांनीच शिकवले होते. त्या बद्द आवाजाच्या खालून एक बारीक, लांब नाद निघाला आणि बराच वेळ राहिला. टाळावरून हात काढल्यावर मागे राहतो तसा. मला तो ऐकू आला. स्पष्ट ऐकू आला. रुपया खरा होता.

मी तराजू खाली ठेवायला हात पुढे केला, तेवढ्यात अमीनसाहेब माझ्यावर खेकसले. "तू क्या देखता बे?"

त्यांच्या हातात चाबूक होता. त्यांनी तो उगारला नव्हता, नुसता धरला होता. पण माझा हात जिथल्या तिथे गोठला. या माणसाला खोटा रुपया हवा आहे, आणि मी तराजू खाली ठेवला तर याला कळेल, असे माझ्या मनात आले. कळणार काहीच नव्हते. तराजू खाली ठेवण्यात कोणाला काय दिसणार? पण भीतीला एवढा हिशेब कुठला? मी तराजू धरून बसलो. आणि आमच्या खुणेत तराजू हातात राहणे म्हणजे खोटे.

अप्पांनी माझ्या हाताकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छिन्नी उचलली आणि रुपयावर टेकवली. रखमाने पदर तोंडावर घेतला. मला ओरडायचे होते. हातोडी वर गेली.

आणि तशीच थांबली. अप्पा पुन्हा तराजूकडे बघत होते. माझा हात इतका थरथरत होता की दोन्ही पारडी एकमेकांवर आपटत होती. तो आवाज अप्पांना ऐकू येत नव्हता, पण पारडी हलताना दिसत होती. मग त्यांनी पारड्यांवरून नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. प्लेगाच्या झोपडीपुढे पाहिले होते तसेच. त्या दिवशी तोंड धुवायला मला कोणी सांगितले नव्हते.

अप्पांनी हातोडी खाली ठेवली. छिन्नी तिच्या शेजारी ठेवली. "अमीनसाहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

अमीनसाहेब हसले. "मजाक करते क्या? मेरा बोलना तो सुनते!"

"मानसाचं बोलनं येतंय. चांदीचं येत न्हाई. तापात कान गेला. दोन वर्सं झाली. माज्या सांगन्यावर ह्या मानसाला धरू नका आन् सोडू बी नका. बीडच्या पारख्याला दावा."

अमीनसाहेबांचे हसू गेले. ते खाली उतरले, गादीजवळ आले. "दो साल? तो दो साल परखता कौन था?" असे विचारून त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ये?"

माझ्या मुलींची नावे मी मनात घेत होतो.

"मीच परखत हुतो," अप्पा म्हणाले. "अंदाजानं. ह्यो निस्ता तराजू धरतो. ह्याला नाण्यातलं काय बी कळत न्हाई."

नागलिंगअप्पांनी आयुष्यात सांगितलेले एकमेव खोटे मला माहीत आहे, ते हे. आणि ते त्यांनी माझ्यासाठी सांगितले. मला ते ऐकून हायसे वाटले. हो, तेवढेच वाटले. लाज नंतर आली.

अप्पा गादीवरून उठले, दोन्ही हातांनी तो काळा दगड उचलला आणि पालथा घातला. दुकानाच्या फळ्या लावायला त्यांनी मलाच सांगितले. "चल," ते सटव्याला म्हणाले, "मी बी तुज्याबरुबर येतो," आणि स्वतःची गाडी जुंपून त्याच्याबरोबर बीडला गेले. मी गेलो नाही. पोटात दुखते असे बायकोला सांगून आठ दिवस घरात बसलो. रस्त्यावर घोड्याची टाप वाजली की मी मागच्या दाराशी जाऊन उभा राही.

बीडच्या पारख्याने सटव्याच्या माळेतला एकूण एक रुपया खरा ठरवला. सटवा सुटला आणि परत येताना गाढव घेऊनच आला. अप्पांना मात्र आठ दिवस कचेरीच्या ओसरीवर बसवून ठेवले. सनद काढून घेतली, दोन वर्षे सरकारला अंधारात ठेवल्याबद्दल नाही नाही ते ऐकवले. ते सगळे त्यांना नीट ऐकू येत होते, हे मी विसरू शकत नाही. परत आल्यावर ते माझ्या घरी आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझ्या हातात दुकानातला तो तराजू ठेवला. "दुकान तर ग्येलं," ते म्हणाले. "ह्यो तुज्यापाशी ऱ्हाऊ दे." का, ते सांगितले नाही. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. मोंढ्यात तोलाईचे काम मला त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिले. माझ्या थोरलीच्या लग्नात ते मांडवात सकाळपासून उभे होते.

पुढची गोष्ट गावभर सांगितली जाते. दुकान बंद झाल्यावर घाबरलेली माणसे दोन वर्षांत पारखून नेलेली नाणी घेऊन आली. बीडच्या पारख्याला बोलावून अप्पांनी ओसरीवर ती सगळी पुन्हा पारखून घेतली. एकही खोटे निघाले नाही. तेव्हापासून लोक म्हणतात, कान नसताना नुसत्या अंदाजाने दोन वर्षे पारख केली, एक चूक नाही, हा काय माणूस आहे! माझी खात्री आहे की याच ग्रंथात तीन-चार लेखकांनी हा चमत्कार वर्णिला असेल. लोक तो अप्पांच्या तोंडावर सांगतात तेव्हा ते जमिनीकडे बघत बसतात. लोकांना तो विनय वाटतो. गौरवाचा ठराव घेऊन मंडळी त्यांच्याकडे गेली होती तेव्हा मीही मागे उभा होतो. अप्पा एवढेच म्हणाले, "ते अंदाजाचं तेवढं लिवू नका." सगळे कौतुकाने हसले. मी हसलो नाही. ज्या माणसाला एका दगडावर उभे आयुष्य काढून एक खोटे सहन होत नाही, त्याच्या गळ्यात आपण सहा वर्षे एक खोटी गोष्ट घातली आहे आणि ती काढायला तो स्वतः हात लावू शकत नाही, कारण तसे केले तर गोविंदा उघडा पडेल.

तेव्हा मंडळी, अंदाज वगैरे काही नव्हते. दोन वर्षे नाणी मी ऐकत होतो. दुकान लपूनछपून चालले ते माझ्या हट्टामुळे, आणि सटवा कुंभार तुरुंगाच्या दारापर्यंत गेला तो माझ्या भीतीमुळे. तिथून त्याला अप्पांनी ओढून काढले आणि त्यासाठी तीन पिढ्यांचे दुकान एका वाक्यात बंद केले. हे लिहिताना मला भय वाटते आहे. ज्यांनी त्या दोन वर्षांत माझ्या कानावर नकळत विश्वास टाकला, ते उद्या मला काय म्हणतील? मोंढ्यातले काम राहील का? मुलींच्या सासरी काय वाटेल? सटवा अजून बाजाराला येतो आणि मला "राम राम, गोविंदराव" म्हणतो. तो उद्या म्हणेल का? पण कागद आता फाडायचा नाही, असे मी ठरवले आहे.

तो काळा दगड सध्या काशीबाईंच्या अंगणात आहे. त्यावर त्या चिंचोके फोडतात. अप्पा शेजारी बाजेवर बसून ते निवडतात आणि अधूनमधून एक तोंडात टाकतात. त्यांची प्रकृती उत्तम आहे. परळीच्या वैद्यनाथाने त्यांना अशीच निकोप शंभर वर्षे द्यावीत, काशीबाईंसह द्यावीत, आणि त्यांच्या तोंडचे पूर्वीचे हसू परत द्यावे, अशी मी मनापासून प्रार्थना करतो.

हा लेख गौरवाच्या दिवशी मठाच्या पटांगणात मीच वाचायचा आहे. अप्पांचे ऐकणे आता आणखी कमी झाले आहे. माणसाचे बोलणेही जवळून मोठ्याने सांगावे लागते. तेव्हा मी वाचीन त्यातले त्यांच्यापर्यंत किती पोचेल, हे मला माहीत नाही. म्हणून मी तो तराजू बरोबर आणणार आहे. सबंध लेख तो हातात धरून वाचीन. माझा हात थरथरेल, पारडी आपटतील, सगळे बघतील. बघू देत. अप्पा, सटव्याचा रुपया खरा होता, आणि मला तो ऐकू आला होता. हे वाक्य वाचून झाले की मी तुमच्यासमोर तराजू खाली ठेवणार आहे.